भरदुपारचा सूर्यास्त

झाडांना माणसाची गरज नसते, हे मी माझ्या वडिलांना दाखवायला निघालो होतो. वडिलांनी बत्तीस वर्षं वर्ध्याजवळच्या सरकारी रोपवाटिकेत काढली होती, एवढीच काय ती अडचण!

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. आई जाऊन आठ महिने झाले होते आणि बाबांना मी तीन महिन्यांसाठी सिंगापूरला आणलं होतं. फ्लॅट अकराव्या मजल्यावर. माझी बायको सुजाता सकाळीच नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलमध्ये लॅबला जायची, आठ वर्षांची रेवा शाळेत, मी कामावर. बाबा दिवसभर खिडकीशी. "जेवलात का?" विचारलं तर "हो." "काही हवंय का?" विचारलं तर "राहू दे." दोन आठवडे या दोन उत्तरांवर घर चाललं होतं. (रेवानं मला विचारलं, "पप्पा, आजोबांची बॅटरी लो झालीय का?" मी तिला रागावलो.)

मी ऑटोमेशन इंजिनियर. चोआ चू कांगच्या पुढे, उंच इमारती संपतात तिथे, सत्तरीच्या एका चिनी मॅडमचं भाजीचं हरितगृह होतं. तिथली यंत्रणा मी बसवली होती. ऊन वाढलं की वरची सावलीची जाळी आपोआप पसरायची, पंखे सुरू व्हायचे, नळ्यांतून बारीक तुषार उडायचे. ऊन उतरून दहा मिनिटं झाली की जाळी गुंडाळायची, बाकी सगळं बंद. ऊन मोजायला एक सेन्सर होता, जांभळाएवढा. तो खरं तर छपरावर बसवायचा, पण उंच शिडी आली नव्हती, म्हणून दाराबाहेर कमरेएवढ्या पाइपावर तात्पुरता लावला होता. (आम्हा इंजिनियरांचं ‘तात्पुरतं’ दोन-चार वर्षं सहज टिकतं.)

म्हटलं, बाबांना घेऊन जावं. हिरवं बघून बोलतील तरी.

शनिवारी बाबा, रेवा आणि मी बसनं गेलो. पोचेपर्यंत उन्हानं जीव नकोसा झाला. दाराशी नळ होता. मी टोपी काढली, तोंड धुतलं आणि रुबाबात आत शिरलो.

"बघा बाबा! इथं एक माणूस लागत नाही!"

बाबांनी रोपांच्या ट्रेवरून नजर फिरवली. कोवळी कोवळी चिनी पालेभाजी, जेमतेम दोन पानांची. मग त्यांनी विचारलं, "अन् झाडाकडे पाहते कोण?"

दोन आठवड्यांतलं पहिलं अख्खं वाक्य! मी आनंदानं सांगितलं, "सेन्सर!"

"हं," म्हणाले.

मॅडमनी आम्हाला पलीकडच्या पत्र्याच्या खोलीत बसवून चहा दिला. मी लॅपटॉप उघडून आलेख दाखवू लागलो. मॅडमना इंग्रजी बेताचं, बाबांना त्याहून बेताचं, त्यामुळे माझ्या व्याख्यानात कोणी अडथळा आणला नाही. चांगला पाऊण तास बोललो. मध्येच बाबा म्हणाले, "पंखे थांबले वाटते."

मी पडद्याकडे पाहिलं. "बरोबर आहे बाबा. सूर्य मावळलाय."

घड्याळात साडेबारा वाजले होते!

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. असं त्यांनी मी दहावीत भूमितीचा पेपर सोपा गेला म्हणून सांगितलं तेव्हा पाहिलं होतं. ते उठले आणि बाहेर गेले. मागोमाग मॅडम गेल्या, मागोमाग रेवा. मी मात्र बसून राहिलो. प्रोग्राम मी लिहिला होता. सूर्य चुकला असेल, तो नाही!

तेवढ्यात पंखे घरघरले. मी धावलो. आत जाळी पसरत होती, तुषार उडत होते आणि ट्रेमागून ट्रे रोपं मान टाकून आडवी पडली होती. बाबा सेन्सरपाशी उभे होते.

"बाबा! तुम्ही हात लावलात ना याला?" मी ओरडलो. मॅडमसमोर, रेवासमोर.

बाबांनी खांद्यावरची पिशवी काखेत सरकवली. मग म्हणाले, "लागला असंल."

मी लगेच मॅडमकडे वळून, बाबांचा हात लागला म्हणतात, असं सांगून माफी मागितली. म्हातारे आहेत, यातलं त्यांना कळत नाही, असं इंग्रजीत म्हणालो. बाबांना ‘ओल्ड मॅन’ तेवढं कळलं असावं. पण ते खाली बसले होते. गोणपाट भिजवून ट्रेवर कमानीसारखं धरायचं कसं, ते मॅडमना हातांनी दाखवत होते. मॅडमनी दुसरं टोक धरलं. दोघं तासभर असं करत राहिले. माझ्याकडे कोणी काही मागितलं नाही, म्हणून मी लॅपटॉप धरून उभा राहिलो. दोन ट्रे गेले. बाकीच्यांनी हळूहळू मान उचलली.

परतीच्या बसमध्ये रेवा तिच्या सिंगापुरी मराठीत म्हणाली, "पप्पा, आजोबांनी टच नाही केलं. युवर कॅप लाह! तू सेन्सरवरच हँग केलीस. आजोबांनी काढली."

मी डोक्याला हात लावला. डोकं उघडं होतं. बाबांनी पिशवीतून माझी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुही नोकरी आहे तिथं," बाबा म्हणाले. "मी काय, पाहुणा. मले कोण काढते?"

खिडकीबाहेर बघत मी दोन स्टॉप जाऊ दिले. मग घंटी दाबली. आम्ही उतरलो, उलट दिशेची बस धरली.

मॅडम ट्रे धूत होत्या. मी टोपी पुढे धरून सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आय नो. आय सी." त्यांनी बाबांना टोपी काढताना पाहिलं होतं. मग गप्प का राहिलात, असं विचारलं तर बाबांकडे बोट करून म्हणाल्या, "ही से हिज हँड. सो, हिज हँड."

मी बाबांच्या पाया पडलो. तिथेच, चिखलात. बाबा म्हणाले, "उठ, पँट खराब होईल." आणि हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही तिथे जाऊ लागलो. मॅडम त्यांच्या भाषेत, बाबा वऱ्हाडीत, तासन् तास बोलायचे. कोणाचं काही अडत नव्हतं. सेन्सर छपरावर गेला. रोज दुपारी कोणीतरी ट्रेपाशी एक चक्कर मारायचीच, असा नियम बाबांनी घातला आणि मॅडमनी पाळला.

बाबांच्या परतीच्या आठवड्यात दुसऱ्या एका फार्मचे लोक यंत्रणा बघायला आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून पुढे झालो. मॅडमनी आधी बाबांचा हात धरला. "धिस वन अंकल. प्लँट एक्स्पर्ट." पाहुण्यांनी वाकून नमस्कार केला. मग मॅडम माझ्याकडे वळल्या, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "धिस वन... ब्रिंग अंकल."