झुंबरबाईनं देवमाशाचं पोट पाहिलं

मिरजगावाजवळच्या आमच्या वस्तीवर पाणी टँकरनं येतं. तेव्हा समुद्राची काळजी आमी न्हाई करायची तर कोणी? शाळेला वरून कागद आला आन पुण्याच्या लीना मॅडम पडदा घेऊन आल्या, देवमासा दाखवायला. माणसं बक्कळ जमली. चहा फुकट हुता.

झुंबरबाई चहाला आली नव्हती. गुरुजींकडून जनावराच्या डॉक्टरचा नंबर घ्यायला आल्ती. तिची सात महिन्यांची गाभण गाय चार दिवस रवंथ करीत नव्हती, डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली. नवरा गेल्यापासून बाईचं घर त्या एका गाईवर चालतं. गावानं उपचारात कसूर केली न्हाई. कोणी नजर काढली, कोणी गोडंतेल पाजलं. देवळाच्या कमिटीतल्या श्रीमंतआबांनी तर नवस बोलायला सांगितला, तोबी घरी न जाता, फोनवर.

गुरुजी कार्यक्रमात अडकलेले, म्हणून बाई मागं टेकली.

मॅडम म्हणाल्या, "जहाजांचा गोंगाट एवढा असतो, की देवमाशाला पिलाची हाक ऐकू येत नाही."

आमची माणसं हळहळली. जत्रेत चार डीजे लावून म्हाताऱ्यांचे कान फोडणारी हीच माणसं, पण माशाचं दुःख त्यांना लगेच कळलं. मग जहाजाच्या धडका झाल्या, सोडून दिलेली जाळी झाली. शेवटी किनाऱ्याला लागलेल्या मेल्या देवमाशाचं चिरलेलं पोट पडद्यावर आलं. आत नुसत्या पिशव्या.

"भरल्या पोटी उपाशी मेला. याच्याही पोटात गाईसारखे कप्पे असतात."

झुंबरबाई उठली. "मॅडम, पिशवी त्याला चारली कोणी?"

"चारत नाही कोणी, मावशी. लोक फेकतात, तो खाणं समजून गिळतो."

"मग तिकडली माणसं बरी म्हणायची. आमच्यात हातानं चारत्यात."

सगळे चहाच्या कपात बघाय लागले. अमावस्येला गाईला पोळीचा घास द्यायची आमची रीत. पूर्वी ताटात आणायचे, आता कॅरीबॅगमधी, वर गाठ मारून. गाडी बंद न करता पुण्य उरकायचं असतं, गाठ सोडत कोण बसतंय? आन झुंबरबाईचा गोठा पडला रस्त्याला.

श्रीमंतआबा खाकरले. "गाय आन मासा एक करू नगं, झुंबरे. गाय देवाची हाय."

"व्हय आबा. म्हणून तर मासा समुद्रात मेला आन माझी गाय देवाच्या नावानं मरायलीय."

नंबर घेऊन ती निघाली.

सकाळी डॉक्टरांनी गाईची डावी कूस चिरली, खांद्यापर्यंत हात घातला आन पाटी भरून पिशव्या काढल्या. निम्म्यांच्या गाठी तशाच.

"जगंल का?" बाईनं विचारलं.

"रवंथ केला तर दोघं जगतील."

दोन दिवस बाई गाईच्या तोंडाकडं बघत बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी गाईचा जबडा हलला. डावीकडून उजवीकडं, सावकाश, जणू कुणाची घाईच न्हाई. बाईनं तेव्हा कुठं भाकरी खाल्ली.

संध्याकाळी श्रीमंतआबा आले, नवसाला देव पावला म्हणून गाईला घास घेऊन. हातात पिशवी, वर गाठ.

"सोडा," झुंबरबाई म्हणाली.

"अगं, एवढ्यानं काय हुतंय?"

"काय न्हाई हुत. मग तुमीच गिळा, आबा."

आबा दावणीपाशी उकिडवे बसले. गाठ लई घट्ट हुती. नखानं सुटंना, तेव्हा दातानं सोडली.