इंग्रजीवर रशियन उतारा

नवी भाषा शिकायला बसलेल्या माणसांना भाषा येवो न येवो, किस्से मात्र लगेच यायला लागतात. सत्तरच्या दशकात आमच्या नाशिकच्या कारखान्यात रशियन मशिनरी आली, मागोमाग पेत्रोव्ह नावाचे रशियन तज्ज्ञ आले आणि शिफ्ट सुटल्यावर कँटीनमध्ये रशियनचा वर्ग सुरू झाला. मी पर्सोनेल ऑफिसातला क्लार्क. चहा फुकट होता म्हणून मीही बसलो!

शिकवायला कारखान्याचे दुभाषी देसले सर. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "इंग्रजी आणखी फार तर वीस वर्षं! मग सगळं जग रशियन बोलणार!"

दुसऱ्या दिवशी त्यांचा रजेचा अर्ज माझ्याकडे आला. इंग्रजीत!

"सर, हे काय?"

"अहो, रजा मला सोमवारी पाहिजे. वीस वर्षं कुठे थांबू?"

*

वर्गात सगळ्यांत मन लावून बसायचा तो किसन, सायखेड्याचा मशिनिस्ट. कामात एक नंबर, पण चार्जहँडच्या बढतीच्या इंटरव्ह्यूत दोनदा नापास. कारण इंटरव्ह्यू इंग्रजीत! तिसऱ्यांदा नापास झाला की नाव कायमचं कटणार होतं. मला त्याचं खरंच वाईट वाटायचं.

एकदा सर म्हणाले, "रशियनमध्ये 'आहे' म्हणतच नाहीत. 'हे टेबल', झालं वाक्य!"

किसन म्हणाला, "ज्यांच्याकडं सगळंच हाय, ते कशाला 'हाय' म्हणतील!"

*

आमच्यातल्या एका फिटरने जपानी टेपरेकॉर्डर घेतला आणि वर्ग सोडला. म्हणे, आता जगाची भाषा जपानीच!

महिन्याने मी विचारलं, "कुठवर आली जपानी?"

"एक वाक्य पाठ आहे. मेड इन जपान!"

*

पेत्रोव्हसाहेब दिवसभर किसनच्या मशीनवर असायचे. इंग्रजी दोघांनाही येत नव्हती. किसनची रशियन काही पुढे सरकेना, साहेबांची मराठी मात्र पळायला लागली.

एका रविवारी दोघं पंचवटीत भाजी घ्यायला गेले. मेथीची जुडी बघून साहेब म्हणाले, "लय महाग हाय मावशी! नाय परवडत!"

मावशींनी त्या गोऱ्यापान माणसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सायखेड्याकडचे का तुम्ही?"

*

शेवटी किसनचा तिसरा इंटरव्ह्यू आला. मद्रासहून नुकतेच बदलून आलेले मोठे साहेब, शेजारी पेत्रोव्ह, दुभाषी म्हणून देसले सर आणि कागद लिहायला मी.

मोठ्या साहेबांनी इंग्रजीत एक प्रश्न विचारला. किसन घामाघूम. दुसरा विचारला. किसन म्हणाला, "येस सर!" साहेबांनी नापासाचा शेरा मारायला पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात पेत्रोव्ह खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "किसन, मशीन लय गरम झाली तं काय करशील?"

किसनचा चेहरा उजळला. "आधी बंद करीन. मंग तेल बघीन. तेल असून बी गरम, तं बेअरिंग गेलं!"

"अन् नवं बेअरिंग नाय मिळालं तं?"

"मंग तुमाला हाक मारीन!"

दोघं खदाखदा हसले. मोठे साहेब थक्क! देसले सरांकडे वळून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "याची रशियन इतकी चांगली आहे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं.

"सर," देसले सर म्हणाले, "पेत्रोव्हसाहेबांना शब्द न् शब्द कळला!"

मोठ्या साहेबांनी जागेवर सही ठोकली. "इंग्रजी काय, शिकेल हळूहळू!"