हिल्काबाई आणि पिवळी जर्सी

फिनलंडच्या टोर्निओ गावात पाव विकणाऱ्या हिल्काबाईंना आइस हॉकीतली हार कधी पचलीच नाही. नदीपलीकडच्या स्वीडिश जावयाशी, स्वान्तेशी, त्यांची मोसमभराची पैज होती: ज्याचा देश हरेल, त्याने त्याच संध्याकाळी दुसऱ्याची जर्सी घालून हिल्काबाईंच्या दुकानात उभं राहायचं.

दुकानातल्या टीव्हीवर फिनलंड स्वीडनकडून हरला, तेव्हा सात वाजले होते.

"घाला आमची पिवळी जर्सी, सासूबाई!"

"थांबा! तुमच्या स्वीडनचं घड्याळ तासभर मागे. तिथे आत्ता सहाच वाजलेत, मॅच अजून चालू आहे."

"अहो, काहीतरीच काय!"

"तिथे सात वाजू देत, मग मानते हार."

बाईंनी दुकान आपल्या बहिणीवर सोपवलं आणि स्वान्तेने हसत हसत त्यांना पूल ओलांडून आपल्या घरी नेलं. बाईंनी तासभर दालचिनीचे पाव हाणले. सातचा ठोका पडताच निमूट जर्सी चढवली.

"चला आता दुकानात!"

"चला की! पण आमच्याकडे आठ वाजले, जावईबापू, दुकान बंद व्हायची वेळ. बहिणीने कुलूपसुद्धा लावलं असेल."