संध्याकाळचे पाय

चांदवडच्या उज्वलाचे पाय सकाळी धड असत. दुपार कलली की डावं पाऊल आत वळे, टाच उचलली जाई, आणि दिवेलागणीला ती भिंत धरून चाले. आठव्या वर्षापासून हेच. सकाळी धावणारी पोर संध्याकाळी लंगडते म्हणजे कामचुकारपणा, असा निकाल घराने लावून टाकला. पुन्हा विचार करायची तसदी कोण घेतो?

तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे तिला नेलं होतं. पण नाशिकला जायचं ते पहिल्या एसटीने. दहाच्या आत डॉक्टरांसमोर उभी. आणि दहाला ती छान चालून दाखवी. तिघांनीही मनाचं आहे म्हणून सांगितलं.

एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. चार महिन्यांत सासूने, सखुबाईने, तिला माहेरी परत धाडायचं ठरवलं. न्यायला आलेला थोरला भाऊ खंडेराव हात जोडून म्हणाला, "सोंग करती ती. लहानपणापासून खोड हाय." उज्वला शेजारीच उभी होती. त्यानंतर तिने पायांबद्दल बोलणंच सोडलं. कांद्याच्या शेडमध्ये बसून माल निवडायचा, घरी यायचं, निजायचं. अशी बावीस वर्षं.

यंदा संध्याकाळी पडून मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांना मध्येच तातडीचा रुग्ण आला आणि सकाळचा नंबर संध्याकाळी पाच वाजता लागला. उज्वला भावाच्या खांद्यावर भार टाकून आत शिरली.

"सकाळी कशा होत्या?"

"सकाळी पळती ही," खंडेराव म्हणाला. "म्हनून तर म्हन्तो..."

"तुम्ही थांबा जरा. मी त्यांना विचारतेय."

उज्वलाने सांगितलं. बाई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "मेंदूतल्या काही पेशी हालचालीसाठी लागणारं डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि बारीक पिशव्यांत भरून ठेवतात. बनवायचं किती, साठवायचं किती, त्यासाठी कुठलं जनुक किती चालवायचं, हे त्या पेशीच सांभाळतात. तुमच्या एका जनुकाची एक प्रत जन्मापासून बिघडलेली असावी. रसायन कमी बनतं. झोपेत साठा थोडा भरतो, दिवसभरात सरतो. तपासणी करू, पण ही कमी भरून काढणारी गोळी आजच सुरू करा."

"म्हंजे सोंग नाय?" खंडेरावने विचारलं.

"नाही."

चौथ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता उज्वला शेडपासून विहिरीपर्यंत गेली आणि परत आली. हात कशालाच लावला नाही. टाच प्रत्येक पावलाला टेकत होती. खंडेराव बघत होता.

"उजे, तवा तुझ्या सासूम्होरं मी..."

"हुते की मी तिथंच."

"मंग राग येत नाय तुला माझा?"

उज्वला थांबली. खरंच येतोय का, ते तिने पाहिलं. छातीत काही हललं नाही, डोळे कोरडेच. पाऊल तेवढं सरळ होतं.

"नाय येत," ती म्हणाली. "आला तर सांगंन."