मला मावशी म्हणू नको

"पदर झटका, मावशी."

रिसॉर्टच्या गेटावर उभं राहून मॅनेजर म्हणाला. मागं पाहुण्यांची बस येऊन थांबलेली. पाहुणे अंग मोडत खाली उतरत होते. आम्ही चौघी बाया काम आटपून घरी निघालेल्या. पिशव्या उलट्या करून झाल्या होत्या. माझ्या पिशवीत काय, तर रिकामा डबा आणि घाम पुसायचं फडकं. तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही.

गेटावरचे वॉचमन म्हणजे माझे थोरले दीर. सगळी वस्ती त्यांना आबा म्हणते. आमच्या धनगराच्या घरात थोरल्या दिरापुढं बाईचा पदर डोक्यावरून हलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून माझा हलला नव्हता. नवरा गेला त्या दिवशीही मी पदर सावरतच रडले.

आबांनी भिंतीकडं तोंड केलं.

"तिकडं काय बघतो? इकडं बघ," मॅनेजर त्यांना म्हणाला. "त्याचाच पगार देतो तुला."

सत्तरीला टेकलेला माणूस. नातवाच्या वयाच्या पोरानं त्याला चारचौघांत 'तू' म्हणावं. आबा वळले. नजर मातीत.

मी डोक्यावरून पदर काढला. झटकला. टोकाला बांधलेली मिसरीची डबी सुटली आणि गडगडत पाहुण्यांच्या बुटांपाशी गेली. मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, आमच्याकडं बाया दातांना लावतात. पण घरातल्या मोठ्या माणसांच्या नकळत. मॅनेजरनं डबी उचलली, उघडली, नाकाशी नेली.

"हे काय, मावशी? ड्रग्ज-बिग्ज?"

पाहुणे हसले. एकीनं मोबाईल धरला. मी वाकले, डबी घेतली, पदर डोक्यावर ओढला. डबी परत टोकाला करकचून बांधली. रागानं का लाजेनं, ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

हे रिसॉर्ट हिर्डोशीच्या वाटेला, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आहे. आमची शेरडं जिथं चरायची तिथं आता स्विमिंग पूल आहे. मी तिथं चुलीवर नाचणीच्या भाकरी करते. पाहुण्यांना चूल बघायची असते, म्हणून मुद्दाम गवताचं छप्पर घातलंय. वर धूर निघायला वाट नाही. गवत फोटोत चांगलं दिसतं म्हणे. डोळे माझे जातात.

पदर झटकायचा नियम त्या दिवशी नवाच निघाला. का? चमचे हरवले म्हणून. नंतर ते सापडले. पाहुणेच ताटातल्या खरकट्यासकट चमचे पिंपात टाकत होते आणि पिंप म्हशींना जात होतं. चमचे सापडले. नियम राहिला.

त्या संध्याकाळी वाटेनं चालताना आमच्या चौघींतली हिर्डोशीची शेवंता म्हणाली, "आक्का, चमचं लपवून ही चढण चढायची म्हंजी वाजत वाजत जायचं! बँडवालं व्हायचं का आपण?"

बाकीच्या हसल्या. मीही हसले. मग मागं बघितलं. एरवी आबा आमच्या पुढं काठी टेकत चालायचे. त्या दिवशी ते लई मागं राहिले होते. मी थांबले की तेही थांबायचे. मला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटत होती. चूक कुणाची आणि लाज कुणाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर चुलीपाशी आला. पाहुण्यांसमोर मला 'तुम्ही', चुलीपाशी 'तू', हा त्याचा रिवाज.

"मावशी, हॉलमध्ये ट्रेनिंग आहे. मॅडम तुला बोलावतील. विचारलं की म्हणायचं, इथं आम्ही एका घरासारखे राहतो. बास. जास्त बोलू नको."

हॉलमध्ये कुठल्याशा कंपनीचे साहेब लोक गोल करून बसले होते. कालच्याच बसचे. पुण्याच्या ट्रेनर मॅडम मधोमध उभ्या. भिंतीवर मोठी पाटी होती. मी शाळेत गेले नाही. एसटीच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकले, भोर, नसरापूर, स्वारगेट अशी. ही पाटीही मी सावकाश वाचली. 'साहेब आणि कामगार : नातं विश्वासाचं.'

दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या आत काहीतरी ताठ झालं.

"या मावशी," मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ह्या इथल्या आपल्या अन्नपूर्णा. मावशी, मोकळेपणानं सांगा, तुमचे साहेब तुमच्याशी कसे वागतात?"

मॅनेजर दाराशी उभा होता. हसत होता. मान हलवून खुणावत होता.

"काल सांजच्याला ह्यांनी मला गेटावर पदर झटकाया लावला," मी म्हणलं. "माझ्या थोरल्या दिरापुढं. म्हाताऱ्याला म्हणलं, हिकडं बघ. तुमी समदी हुता की तिथं. हसला बी."

कुणी खोकलं. कुणी पाण्याची बाटली उघडली. मोबाईलवाली बाई पायाकडं बघू लागली.

मॅडमचा हात खांद्यावरून निघाला. "मावशी, आपण थोडं पॉझिटिव्ह काहीतरी सांगूया ना."

"ते काय असतं ते तुमी सांगा. मग मी सांगते."

आणि मग काय झालं असेल? टाळ्या! खऱ्याखुऱ्या टाळ्या. एक साहेब म्हणाला, "व्वा, काय स्पिरिट आहे!" माझ्या अपमानाचाही त्यांनी खेळ केला. टाळ्या वाजवल्या, चहाला उठले. ज्याला विचारायला पाहिजे होतं, त्या मॅनेजरला एकानंही विचारलं नाही की बाबा, ही बाई सांगते ते खरं का? तेव्हा मला उमगलं, हितं आपल्यासाठी कुणी बोलणार नाही. ही मंडळी आपापल्या गेटावर हेच करत असणार.

संध्याकाळी परत गेट. पाहुण्यांची बस परतीला निघालेली, आमच्या पाठीशी उभी. मॅनेजरचा चेहरा लालभडक.

"झटक."

"न्हाई."

"मग गेट उघडणार नाही."

"नगा उघडू."

पदर डोक्यावर घट्ट धरून मी गेटाच्या मधोमध उभी राहिले. शेवंता माझ्या शेजारी आली. बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. परत वाजवला.

"आबा, कडी काढू नको. सांगून ठेवतो," मॅनेजर ओरडला.

आबांनी कडी काढली. गेट सताड उघडलं. गळ्यातली शिट्टी काढून खुंटीला अडकवली, काठी उचलली आणि आमच्या पुढं चालू लागले. काठी टेकत. पहिल्यासारखे.

ही गोष्ट हितंच संपली असती तर बरं झालं असतं. नाही संपली. आबांचं काम गेलं. माझी थोरली जाऊ वस्तीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या पदरापायी माझ्या घरची चूल गार केलीस." अजून ती मला पाणी विचारत नाही. तिचं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण तिची चूल मी गार केली नाही. ज्यानं केली, तो आजही खुर्चीत बसून पुढच्या ट्रेनिंगला मावशी शोधतोय.

मला काढलं नाही. पाहुणे माझ्या भाकरीचे फोटो काढतात, तेवढ्यासाठी. गेटावर बाहेरगावचा नवा माणूस आणला. मॅनेजर समजूत घातल्यासारखा म्हणाला, "आता तर परका माणूस आहे, मावशी. आता कसली लाज?"

त्याला वाटलं, माझं भांडण दिराचं आहे. अरे, दीर असो की परका, चोर नसलेल्या बाईला रोज चोर ठरवायचं आणि वर नातं विश्वासाचं म्हणायचं, त्याचं भांडण आहे हे.

आता रोज असं चालतं. बाकीच्या दोघी पदर झटकतात आणि जातात. त्यांच्या घरात लहान लेकरं आहेत. शेवंता आणि मी उभ्या राहतो. दिवस बुडेस्तोवर तो आम्हाला उभं करतो. मग गेट उघडतं आणि आम्ही अंधारातनं डोंगर चढतो. गुडघे बोलतात. बोलू देत.

म्हणून हे लिहिलं, एसटीच्या पाट्यांवरनं शिकलेल्या अक्षरांनी, सावकाश. पहिल्यांदा त्यालाच वाचून दाखवणार आहे, चुलीपाशी, धुरात उभं करून.

ऐक. मला मावशी म्हणू नको. माझ्या बहिणीला असा लेक नाही. मला नाव आहे, नावानं हाक मार. काम सांग, करीन. भाकरी थापीन, चांगली थापीन. घर-बिर म्हणू नको. तू मॅनेजर, मी कामाची बाई, एवढंच नातं आधी नीट ठेव. ते जमलं की पुढचं बोलू. पदर झटकणार नाही. आज नाही, उद्या नाही. गेट उघडायचं का नाही, ते तू ठरव. मी उभी हाय.