लाईन बंद होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रंगनाथ खांबावरून पडला तो माझ्यामुळे.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, अण्णा गेले... हार्ट अटॅक." माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता हे कधीच बाहेर येणार नाही. त्या विचाराचीच मला मग भीती वाटली.

रंगनाथ माझा शाळेपासूनचा दोस्त, आमच्याच भागाचा लाईनमन. त्याच्या तोंडी वीज म्हणजे लाईन, रांग म्हणजे लाईन, धंदा म्हणजेही लाईनच. पोरगं अभ्यासाला लागलं की 'लाईनीवर आलं'. "हिच्यावर लई लाईन मारली," असं तो सुमनवहिनींसमोरच सांगायचा. "आन मी फ्यूज काढून ठेवला व्हता, ते नाय सांगत," वहिनी भाकरी थापता थापता म्हणायच्या.

खांबावर चढायच्या आधी तो डीपीतले फ्यूज काढून खिशात टाकायचा. मग खाली कुणी कितीही घाई करो, लाईन चालू होणं शक्य नाही. एका दिवाळीत गुलमंडीत वीज गेली, तो असाच चढला. माझ्या कपड्याच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळलेलं. मी जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटात खुपसली. आधी मेन स्विच पाडायचा असतो, नाहीतर करंट उलटा बाहेरच्या तारेत जातो, हे त्यानंच मला बजावलं होतं. घाईत राहिलं... बाहेर ओरडा झाला. मी आधी वायर उपटली आणि मग धावलो.

फ्यूज त्याच्या खिशातच होते. तरी सगळे म्हणाले, दुसऱ्याच लाईनीचे काढले असतील. हळूहळू त्यालाही तेच वाटू लागलं. उजवा हात कायमचा आखडला. हर्सूलच्या ऑफिसात तक्रारींच्या फोनवर त्याला बसवलं. लाईन हा शब्द त्याच्या बोलण्यात राहिला, पण विजेला तो करंट म्हणू लागला. आमच्या दुकानात आला की बसायच्या आधी डाव्या हातानं बोर्डाला टेस्टर लावून बघायचा. दर वेळी मला वाटायचं, याला कळलंय का?

शेवटचा आला तेव्हा चहा घेता घेता म्हणाला, "सुध्या, खरंच माझ्याकडून दुसरे फ्यूज निघाले असतील का रं?"

"जुनं झालं ते. सोड आता."

त्यानं माझ्याकडे बघत कप खाली ठेवला. मग म्हणाला, "व्हय... सोडतो." जाताना टेस्टर काउंटरवरच राहिला. विसरला की ठेवून गेला, हे मला आता कोण सांगणार?

टेस्टर अजून तिथंच आहे. वीज गेली की मी जनरेटरला हात लावत नाही, अंधारात बसून राहतो. दहाव्याला सुमनवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मरेपर्यंत सोताला दोष देत राह्यले हो."

रंगनाथनं बरोबर फ्यूज काढले होते. त्यानं लाईन बंद केली होती. हे वहिनींना त्यांच्या समोर बसून सांगणं माझ्याकडून अजून राहिलंय.