परीक्षेच्या कपड्यांची भोकं

"काकी, यातली भोकं कुठं गेली?" दर्शना शर्ट उलटासुलटा करून बघत म्हणाली.

"बुजवली," मी म्हटलं. "एकवीस होती."

ती दुकानाच्या पायरीवर बसली. तोंडाला रंग नव्हता. एप्रिलमधल्या रविवारची दुपार होती, मला वाटलं पोरीला ऊन लागलं. मी सुलभाला पाणी आणायला सांगितलं. सुलभा माझ्याकडे दुसऱ्या मशिनवर बसते.

दर्शनानं पाणी घेतलं नाही. पिशवीतून लुगडं ओढून काढलं आणि नाकाशी धरलं.

"हे धुतलं कोनी?"

"मीच. मळकं होतं."

"खळ पण घातली?"

"घातली. इस्त्रीपण केलीय, बघ नीट."

"काकी, दोन महिने लावून फाडले नि मळवले होते मी हे कपडे."

मला काही कळलं नाही. कोणालाच कळलं नसतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. धसईला बाजाराच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे, चाळीस वर्षं झाली. ब्लाउज, शाळेचे गणवेश आणि दुरुस्ती. दर्शना आमच्याच आळीतली. मुंबईला युनिव्हर्सिटीत नाटकाचे कपडे करायचं शिकते. कॉस्च्यूम डिझाइन. तेव्हा तिचं शेवटचं वर्ष होतं. तिचा बाप चारचौघांत म्हणायचा, "भात कापायला मानूस मिळत नाय आनि आमची पोरगी तिकडं कपडे घालायला शिकते." लोक हसायचे, तोही हसायचा. पण घरात त्यानं बजावून ठेवलं होतं. यंदा पास झाली तर पुढं शिकायचं. नाहीतर मुरबाडच्या कंपनीत पॅकिंगला जायचं.

गुरुवारी ती पिशवी ठेवून गेली होती. कामं दोनच होती. शर्टाची बटणं काढून आतून टिचबटणं लावायची. आणि लुगडं नेसल्यासारखं शिवून कमरेला इलॅस्टिक घालायचं. नाटकात एकाच बाईला पडद्यामागं जाऊन अर्ध्या मिनिटात कपडे बदलून परत यायचं असतं. नऊवारी नेसायला तेवढा वेळ नसतो. टिचबटण दाबलं की बसतं, ओढलं की सुटतं. याला ते लोक क्विक चेंज म्हणतात.

ती दोन्ही कामं मी केली. पण मळका कपडा मी मशिनवर घेत नाही. मातीनं सुई खराब होते. म्हणून आधी रात्रभर पावडरीत भिजवला. आणि फाटका कपडा माझ्या दुकानातून बाहेर जात नाही. रस्त्यात कोणी बघितलं तर विचारतात, कोणाकडं टाकला होता? म्हणून शुक्रवार-शनिवार बसून रफू केलं. रफू म्हणजे त्याच कापडाचे धागे घेऊन भोक विणून भरायचं. वरून बोट फिरवलं तरी जागा सापडत नाही. माझं रफू चांगलं आहे. तेच नडलं.

मग दर्शनानं मला सगळं सांगितलं. तिनं नवं कापड घेऊन कपडे शिवले होते आणि मग मुद्दाम जुने केले होते. किसणीनं घासले, ब्लेडनं फाडले, चहाच्या पाण्यात बुडवले, माती लावली. याला ब्रेकडाउन म्हणतात आणि याचेच मार्क असतात. प्रत्येक पायरीचा फोटो काढून फाइल करायची, ती तिनं आधीच जमा केली होती. मंगळवारी अकरा वाजता बाहेरचे परीक्षक येणार होते. ते फाइल हातात घेऊन स्टेजवरचे कपडे बघणार. फाइलमध्ये एकवीस भोकं, शर्टात एक नाही.

"तुझ्या मॅडमला फोन लाव," मी म्हटलं.

"नको. ओरडतील."

"मग बापाला लावू?"

तिनं मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "नवीन करता येईल का?"

"मॅडम, उद्या दुपारच्या गाडीनं निघायचंय. वेळ नाही."

"मग आहे त्यातच कर. आणि काय झालं ते परीक्षकांपासून लपवू नकोस. मी तुझ्या वतीनं काही सांगणार नाही."

"नापास करतील?"

"स्टेजवर कोरे करकरीत कपडे आले तर करतील."

फोन बंद झाला. सुलभा म्हणाली, "मी काकींना सांगत होते, राहू द्या म्हनून." ती काही म्हणाली नव्हती.

पहिला उपाय साधा होता, केलेलं उसवायचं. मी कोपराचं रफू घेतलं. दोन धागे ओढले आणि कापड बोटभर पुढं फाटलं. दर्शनानं किसणी फिरवून ते आधीच झिरझिरीत केलं होतं. दुसरं भोक घेतलं, तेही तसंच.

"थांबा, काकी. हात लावू नका आता."

मी हात मागे घेतला. माझ्या हाताला कापडानं असं कधी केलं नव्हतं. तिचं वर्ष माझ्या मांडीवर पडलंय आणि मी त्याला आणखी फाडतेय, असं झालं.

शर्ट मांडीवरून खाली ठेवला. मग मी विचारलं, "नाटक आहे कशाचं?"

"वीटभट्टीवरच्या बाईचं."

"मग कोपराला भोक कशाला गो?"

तिनं माझ्याकडे बघितलं. भट्टीवरच्या बाया लुगड्यावरून नवऱ्याचा फुल शर्ट घालतात. ते शर्ट दर वर्षी माझ्याकडे दुरुस्तीला येतात. विटा छातीशी धरून उचलायच्या असतात. म्हणून शर्ट पोटाशी विरतो आणि बाह्या आतल्या अंगाला विरतात. कोपर शाबूत राहतं. आणि भोक कोणी उघडं ठेवत नाही. हाताला येईल त्या दोऱ्यानं टाचून पुढच्या विटा उचलतात. माझ्याकडे येतात तेव्हा ते टाके मला आधी उसवावे लागतात.

"हे आधी का नाय सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस?"

"मी व्हिडिओ बघितले होते."

"मग त्यातल्या बाईचं कोपर फाटलं असंल."

ती हसली नाही. पण उठली. ठरलं असं, की रफू राहू द्यायचं. पोटाशी आणि बाह्यांना नवीन विरवायचं आणि त्यावर ओबडधोबड टाके घालायचे. कोपराला आत्ता फाटलं तिथं ठिगळ. खळ काढायला कपडे पुन्हा पाण्यात टाकले. उन्हानं तासाभरात वाळले.

टाके घालायला मी बसले आणि ते सरळच पडले. वाकडा टाका माझ्या हातातून येईना. दर्शना म्हणे, "काकी, हे दुकानातल्यासारखं दिसतंय." सुलभाचे टाके मी रोज उसवायला लावते. त्या दिवशी सुई तिच्या हातात दिली.

"कसे घालू?" तिनं विचारलं.

"नेहमीसारखे."

तिला राग आला, पण काम झकास झालं. पिवळा दोरा, काळा दोरा, मधेच निळा. उजेड होता तोवर ती टाचत राहिली.

मळ राहिला होता. सोमवारी सकाळी सातला आम्ही मुरबाड रस्त्याच्या भट्टीवर गेलो. तिथल्या एका बाईला दर्शना म्हणाली, "मावशी, हा शर्ट तासभर घालून काम कराल?"

"चांगला शर्ट मळवताय कशाला?"

"परीक्षा आहे."

"कशाची?"

"मळवायची," मी म्हटलं.

बाईनं मान हलवली आणि शर्ट घातला. तासाभरात पुढचा भाग लाल झाला, बाह्यांच्या आत राख बसली. दर्शना फोटो काढत होती. मी घड्याळ बघत होते, कारण एकची एसटी गाठायची होती. शर्ट परत आला तेव्हा दोन टिचबटणं चेपली होती. विटांचा दाब त्यांना सोसला नव्हता. ती बसेनात. स्टेजवर बाई बटणाशी झटापट करत राहिली असती.

दुकानात येऊन मी बटणं बदलायला घेतली. दर्शनानं तोवर ब्रशनं लुगड्यावर आणि शर्टावर गडद तपकिरी रंग लावायला सुरुवात केली. मला ते बघवेना. शेण फासल्यासारखं दिसत होतं.

"अगो, खरा मळ आहे की त्याच्यावर. कशाला घान करतेस?"

"रस्त्यापलीकडं जा आनि तिथनं बघा."

मी गेले. तिनं शर्ट अंगाशी धरला. जिथं नुसती भट्टीची धूळ होती तिथं मला काही दिसलं नाही, शर्ट आपला फिका. जिथं तिनं रंग लावला होता तिथं झीज दिसली, मळ दिसला, बाई विटा कुठं धरते तेही दिसलं. लाइटखाली तर धूळ आणखी उडून जाते, ती म्हणाली. हे मला माहीत नव्हतं. मी परत येऊन गप बटणं लावली. एकला दहा मिनिटं कमी असताना शेवटचं बसलं. वीस वेळा उघडून-लावून बघितलं.

मंगळवारी माझ्याकडून काम झालं नाही. एका ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या. सुलभानं त्या न बोलता उसवल्या, हे तिनं बरं केलं. दर्शनाचा बाप दोनदा दुकानावरून गेला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी तो थांबला आणि म्हणाला, "आज हाय ना तिचं?" मी हो म्हटलं आणि मशिन चालू केलं.

चार वाजता फोन आला.

"झालं, काकी. चेंज बरोबर झाला, बटनं पटापट बसली. परीक्षकांनी फाइल काढून विचारलं, ही भोकं कुठाहेत? मी सगळं सांगितलं, भट्टीवरचे फोटोपण दाखवले."

"माझं नाव सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"कपडे चांगले आहेत म्हनाले. फाइल चुकीची आहे म्हनाले. फाइलचे मार्क कापले."

निकाल जूनमध्ये लागला. पास झाली. फर्स्ट क्लास चार मार्कांनी गेला, आणि ते चार मार्क माझे होते. तिनं तसं तोंडावर सांगितलं. मी वाद घातला नाही. बापानं पॅकिंगचं नाव काढलं नाही, ती पुढं शिकायला गेली. मला मात्र महिनाभर तिनं काम दिलं नाही. मग दिलं तेव्हा पिशवीवर कागद टाचला होता. धुवायचं नाही, शिवायचं नाही, फक्त हूक. मी फक्त हूक लावले.

आता दुरुस्तीचा कपडा आला की मी आधी विचारते, हा फाटलाय की फाडलाय? गिऱ्हाईक हसतं. उत्तर मिळेपर्यंत मी सुईत दोरा ओवत नाही.